केराबाईची मागली सीट

...आन् त्या गाडीला सीटच नव्हती, हे आदी लिही. न्हाय गं, चोरीला गेली नव्हती. चाकं व्हती, टाकी व्हती, हँडलाला लिंबू-मिरची बांधल्याली व्हती, फकस्त बसायच्या जागी उघडा सांगाडा. नुकत्याच कातरल्याल्या मेंढरागत दिसायची ती गाडी. थोरला आला की आपली सीट बसवायचा, धाकटा आला की त्येची काढून आपली बसवायचा. सख्खे भाऊ, एका आईचे, गाडी एक आन् सीटा दोन. आन् जिच्या मेंढरावर ती गाडी आली, त्या बाईला दोन्ही सीटांवर जागा न्हाय. तिचंच सांगतीया. केराबाईचं. प्रियंका, तू लिही, मधी मधी हसू नगंस.

केराबाई कुठली, तर अक्कलकोटाच्या पल्याडली. माहेर कानडी. लगीन हून आपल्या वाडीवर आली तवा तिला मराठीत फकस्त भांडता यायचं, बाकी सारं कानडीत. नवरा चन्नप्पा. मेंढरं लई. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आन् मेंढरामागं निघायचं, पार टेंभुर्णीच्या वर नदीकाठापत्तोर. पाऊस पडला की माघारी. सारा जल्म ती बाई चालली. चालता चालता बाळंत झाली, दुसऱ्या दिशी परत चालली. कोकरू दमलं की घोंगड्यात बांधून पाठीवर घ्यायची, पोरगं दमलं की त्येच्या पाठीत धपाटा घालायची. दोन पोरं, बिरप्पा आन् गुरप्पा, दोन्ही अशीच धपाटं खात मोठी झाली.

मग चन्नप्पाचं गुडघं गेलं. मेंढरं इकली. पैशाचं काय करायचं म्हणून घरात खल चालला. कुणी म्हणलं रान घ्या, कुणी म्हणलं पोरांच्या नावावर टाका. केराबाई म्हणली, "मला एक फटफटी पायजे."

चन्नप्पा म्हणला, "हुच्ची, येडी झालीयास काय? तू चालवणार?"

"तू चालीव. मी मागं बसणार. लई चालले मी. आता बसून हिंडायचं."

आणली गाडी. जुनीच व्हती, पण सीट लांबलचक, सपाट, दोघं बसून मधी एक गठुडं मावावं अशी. चन्नप्पा गाडी असा हाणायचा, जसा मेंढरामागंच चाललाय. सायकली पुढं निघून जायच्या. पण दर आयतवारी केराबाई मागं बसणार, एका अंगाला पाय सोडून, मांडीवर घोंगडं, आन् गाडी जाणार अक्कलकोटाला, तिच्या धाकट्या भणीकडं. शरणम्मा तिचं नाव. दोघी भणी दिसभर कानडीत एकमेकीला शिव्या द्यायच्या, हुलग्याची आमटी वरपायच्या, आन् सांजच्याला केराबाई माघारी यायची ती उजळूनच. वाडीवर तिच्यासंगं कानडी बोलाय कोण व्हतं? चन्नप्पा व्हता, तो बी एका थंडीत गेला. छातीत दुखतंय म्हणला आन् गेला.

त्येचं दिवस झालं न्हाईत तवर पोरांनी वाटणी काढली.

आता भावाभावात वाकडं कशावरनं, इचारू नगंस. बारकी असल्यापास्नंच. बिरप्पा थोराड, अंगानं आडवा, बोलायला जड. गुरप्पा काटकुळा, जीब कातरीवाणी. बिरप्पाला वाटायचं आईनं धाकट्याला पाठीवर घेतलं आन् मला चालीवलं. गुरप्पाला वाटायचं बापानं थोरल्याला मेंढरं पारखाय शिकीवलं आन् मला नुसती हाकायला लावली. रान वाटलं, भांडी वाटली, घर मधनं भिंत घालून वाटलं. ऱ्हायलं काय, तर आई, म्हंजे त्येंची अव्वा, आन् गाडी. दोन्ही कापता येत न्हाईत.

पंच म्हणून ज्ञानबा. पिकल्याल्या मिशा, तंबाखूचा बार, आन् आपण न्याय करतोया म्हणून मान वर. त्यो म्हणला, इहिरीच्या पाण्याला पाळी असती, देवाच्या पूजेला पाळी असती, तशी ह्येला बी पाळी लावायची. दर अमुशाला पाळी बदलायची. पण त्या शान्यानं फुडं काय म्हणावं?

"अव्वाला भाकर लागती, गाडीला पेट्रोल लागतंय. दोन्ही खर्च एका घरावर नगं. ज्याच्या घरात अव्वा त्येला गाडी न्हाय. ज्याला गाडी त्येला अव्वा न्हाय. सरळ हिशोब."

सगळी म्हणली, वा, ज्ञानबा. दोन्ही पोरांनी बी मान हलीवली, कारण दुसऱ्याला जादा काय मिळालं न्हाय येवढंच त्येंनी बघितलं. केराबाई भिंतीकडंला बसल्याली. तिला कुणी इचारलंच न्हाय. तिनं मनातल्या मनात फिरवून फिरवून बघितलं तवा तिला उमगलं. हे असं ठरलं तर आपून ज्या घरात असू त्या घरात गाडी कधीच असणार न्हाय. कवाच न्हाय. मरंपत्तोर.

ती म्हणली, "ज्ञानबा, आन् मी अक्कलकोटाला कशी जायाची?"

ज्ञानबा म्हणला, "तुला काय करायचंय आता अक्कलकोट? नामस्मरण कर."

तू म्हणशील यष्टीनं जायाचं. फाटा कुटं हाय बग की वाडीपास्नं. आन् खरं सांगू का, त्या बाईला यष्टीनं जायाचंच नव्हतं. ती म्हणायची, "माझी मेंढरं इकून गाडी आणली. मी लोकाच्या गाडीला हात करू?" अडेल बाई. लई अडेल. पण चुकीचं काय बोलली?

आता सीटचं सांगते.

बिरप्पा डेरीला दूध घालायचा. दोन्ही अंगाला कॅन, आन् रस्ता कसला, नुसती दगडं. त्येची कंबर धरली. सीटचा फोम बापाच्या येळचा, बसून बसून भाकरीवाणी चपटा झाल्याला. तवा आपल्या पाळीत बिरप्पा गेला सोलापूरला. अक्कलकोट नाक्याच्या अलीकडं बडेसाबचं दुकान हाय, गाड्यांच्या सीटा करायचं. बुटका माणूस, दाढीला मेंदी, तोंडात सुया धरून बोलतो, आन् बोलतो ते बी सुईवाणीच. बिरप्पानं त्येच्याकडनं जाडजूड फोम टाकून घेतला, वर काळं रेक्झिन, गुबगुबीत. घरी आला तो राजावाणी बसून.

अमुशा आली. गाडी गुरप्पाकडं गेली. गुरप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टावेलच्या कारखान्यात कामाला. बसला तर पाय भुईला पोचंनात, भिंतीवर बसल्याल्या पोरागत लोंबायला लागलं. कारखान्याच्या फाटकाम्होरं गाडी थांबवाय गेला, पाय टेकला न्हाय, गाडीसकट आडवा. डबा उघडला, भाकरी एकीकडं, शेंगाची चटणी साऱ्या अंगावर. कामावरच्या बायका खदाखदा हसल्या. सांजच्याला भावाच्या दारात हुबा ऱ्हाऊन वरडाय लागला.

"तुझ्या बुडाच्या मापानं गाडी केलीस व्हय रं? हत्तीच्या पाठीवर बांधतेत तसली अंबारी केलीया! मला पाडायचा डाव व्हता तुझा!"

आतनं बिरप्पा म्हणला, "पाय वाढीव जा."

गुरप्पानं दुसऱ्या दिशी बडेसाबकडं जाऊन समदा फोम खरवडून काढला. पार पातळ करून आणली सीट. फुडल्या म्हयन्यात बिरप्पा बसला, तर फळीवर बसल्यागत. त्येनं परत जाड केली. ह्येनं परत पातळ केली. बडेसाब दोघांवर बी खवळायचा, "मी काय इथं तुमच्या भांडणाची गादी भरायला बसलोय? एकदा दोघं मिळून या, नाय तर दोघं बी येऊ नक्का." मिळून कसली येत्यात. फुडं गुरप्पाच्या सीटमधी बाभळीचा काटा निघाला. त्या फुडल्या म्हयन्यात बिरप्पा बसला त्या रेक्झिनवर कुणीतरी काळं ऑइल चोपडल्यालं, डेरीवर समद्यांनी त्येच्या धोतराची मागली बाजू बघितली.

परत ज्ञानबा. परत पंच. ज्ञानबा म्हणला, गाडी पाळीनं, पण सीट ज्येची त्येनं करावी. पाळी सपली की आपली काढून घरात न्यावी.

झालं. जुना पत्रा, ज्येच्यावर सीटची गादी बसती त्यो, बिरप्पाकडं ऱ्हायला. गुरप्पासाठी बडेसाबनं भंगारातनं तसलाच एक पत्रा हुडकून आणला. आता त्या जुन्या गाडीचा पत्रा बाजारात मिळत न्हाय, दोनच, येवढं ध्येनात ठेव. बिरप्पानं काय केलं, एकट्यापुरती रुंद गादी केली, मऊ मऊ, आन् मागं लोखंडी जाळी, कॅन ठेवाय. माणसाला जागा न्हाय. गुरप्पानं मोबाईलमधी बघून तरण्या पोरांच्या गाडीवाणी सीट केली. फुडं खाली, मागं उंच आन् उतरती. तिच्यावर एकदा केराबाई बसली. फाट्यापत्तोर सोड म्हणून लई मागं लागली तवा त्येनं घेतलं. दर खड्ड्याला ती घसरून पोराच्या पाठीवर आदळायची.

"अव्वा, मागं सरक की."

"कुटं सरकू? आभाळात?"

निम्म्या रस्त्यातच उतारली आन् चालत माघारी आली.

अशी दिवसं चालल्याली. केराबाई पेटी घिऊन ह्या घरातनं त्या घरात, आन् गाडी त्या घरातनं ह्या घरात. अमुशाच्या सांजच्याला बोळात दोघींची गाठ पडायची. ती एकीकडनं चालल्याली, गाडी दुसरीकडनं, आन् गाडी उघडी. केराबाई तिच्या टाकीवरनं हात फिरवायची. थोरली सून नाक मुरडायची, "सासूबाई, ती काय शेळी हाय व्हय, चुचकारताय ते."

अन् मग शरणम्माच्या नातवाचं जावळ निघालं.

त्येंच्या घरात रीत अशी, की जावळाला पोराला मोठ्या घरच्या घोंगड्यावर बसवायचं, आन् पहिली बट पडती ती थोरल्या आजीच्या पदरात. थोरली म्हंजे केराबाई. घोंगडं म्हंजे चन्नप्पाचं, काळंभोर, केराबाईनं सवता लोकर निवडून इणून घेतल्यालं. शरणम्माचा फोन आला, "अक्का, तू आल्याबिगार कातर लावायची न्हाय." दिवस धरला तो नेमका अमुशेच्या दुसऱ्या दिशीचा.

केराबाईनं आदीच बिरप्पाला सांगितलं, "त्या दिशी मला सोड."

"त्या दिशी तू गुरप्याच्या घरची. त्येला सांग."

गुरप्पाला सांगितलं.

"त्या दिशी गाडी त्येची. त्येला सांग."

"मग तुझी सीट तरी येक दीस गाडीवर ऱ्हाऊ दे. मला मागं बसता येत न्हाय, पण बसंन कशी तरी. बिरप्पा चालवंल."

"माझी सीट त्येच्या बुडाखाली? जाळीन, पण देणार न्हाय."

परत बिरप्पाकडं. "तुझी सीट घाल, जाळीवर घोंगडं टाकून बसते. येक दीस कॅन नगं नेऊस."

"आन् दूध काय तुझ्या ज्ञानबाच्या मिशीला लावू? अव्वा, वाटणी म्हंजे वाटणी. त्येच्या घरचं माणूस माझ्या गाडीवर न्हाय."

"मी त्येच्या घरचं माणूस?"

"अमुशापास्नं, व्हय."

असं बोलला गं. आईला. आन् शेजारच्या भिंतीआडनं गुरप्पा हसला, ते बी तिला ऐकू आलं.

त्या दिशी सकाळी केराबाईनं इरकल लुगडं काढलं, हिरवं, लाल काठाचं. पदर घट्ट खवला, घोंगडं खांद्यावर टाकलं, खोबरं-खारकंची पिशवी घेतली आन् बोळात आली. गाडी हुबी, उघडी. बिरप्पा दारात आपली सीट काखंत धरून हुबा. कॅन भरल्यालं. पण सीट बसवंना. त्येला ठाव, सीट बसीवली की ही चढून बसणार.

"अव्वा, बाजूला हो."

"सीट घाल."

"तू बाजूला हो, मग घालतो."

"तू घाल, मग बगते."

केराबाईनं चन्नप्पाचं घोंगडं खांद्यावरनं काढलं, चार घड्या केल्या, त्या उघड्या सांगाड्यावर ठेवलं आन् बसली. एका अंगाला पाय सोडून, चन्नप्पाच्या मागं बसायची तशी. खाली बोल्ट, नळ्या, बॅटरीची कडा, सारं रुतत असंल. पण हालली न्हाय.

आख्खी वाडी जमली. कुणी म्हणलं, केराबाई, घुंगरू बांधू का गाडीला. कुणी म्हणलं, पेट्रोल टाका की, निघंल. ज्ञानबा आला, म्हणला, "केराबाई, शोभतं का ह्ये?" ती म्हणली, "ज्ञानबा, तू गप. तुझ्याच वाटणीवर बसलीया मी."

गुरप्पा दारातनं भावाला म्हणला, "काय रं राजा, अंबारी घाल की हत्तीवर!" बिरप्पानं काखंतली सीट फेकून मारली त्येच्या अंगावर. गुरप्पानं ती पायानं गटारीत सारली. दोघं एकमेकाच्या गळ्याला. सुना मधी पडल्या, एकीच्या बांगड्या फुटल्या, दुसरीचं डोकं आपटलं. केराबाई जाग्यावरनं बघत बसल्याली. पोटची पोरं बोळात लोळत्यात, ती बघतीया. सोडवाय गेली न्हाय. ऊन चढलं. सोलापूरचं ऊन तुला ठाव हाय. कॅनमधलं दूध नासलं, त्येचा वास बोळात सुटला. तरी ती बसूनच.

मग धाकट्या सुनंच्या मोबाईलवर फोन आला. शरणम्मा.

"अक्का, पोर रडून रडून झोपलं. न्हावी थांबंना. झालं जावळ. चुलतीच्या पदरात पाडलं. तुझं घोंगडं आता तूच पांघर. मला परत फोन करू नगंस."

केराबाईनं फोन सुनंला माघारी दिला. गाडीवरनं उतारली. लुगड्याच्या मागल्या बाजूला ऑइल लागल्यालं. घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं आन् आत गेली. आन् बग, ती बाई बोलत व्हती तवर पोरांनी भ्यायचं कारण नव्हतं. गप झाली तवा भ्याय पायजे व्हतं. पण ती कुटली भित्यात, ती दूध कुणामुळं नासलं त्येच्यावर भांडत व्हती.

दोन-चार दीस गेलं. गुरप्पा दुसऱ्याच्या गाडीवरनं कामावर गेला, त्येची सीट घरात खुट्टीला टांगल्याली. बिरप्पा डेरीवरनं येऊन जेवून पडला, गाडी बोळात, सीट वर बसीवल्याली. येवढ्या अमुशा बघून बघून केराबाईला ठाव झालं व्हतं, की दोन बोल्ट हायत आन् पाना खोबणीत असतोय. तिनं थोरल्याची सीट काढली. धाकट्याची खुट्टीवरनं काढली. दोन्ही घोंगड्यात बांधून पाठीवर घेतल्या, कोकरं घ्यायची तशी, आन् चालाय लागली. फाट्याला दुधाचा टेम्पो मिळाला. लोकाच्या गाडीला हात केला तिनं त्या दिशी. पैल्यांदाच.

बडेसाबनं दोन्ही सीटा बघितल्या आन् तोंडातल्या सुया काढल्या.

"या अल्ला. ह्या दोन्ही तर माझ्याच हातच्या. तू कोण गं मावशी?"

"ह्या ज्येंच्या बुडाखाली असत्यात त्येंची आई."

"अरे बाप रे. मग तूच सांग, असली कशी पैदा केलीस? माझ्या हातचा तमाशा करून टाकला त्यांनी. एक म्हणतो फुगव, एक म्हणतो दाब."

"माझ्यावर खवळू नगंस. काम सांगते ते कर. दोन्ही फोड. एकच कर. लांब, सपाट, पैली असायची तशी."

बडेसाब म्हणला, "पुढं कुणाचं माप घेऊ? जाड्याचं का काड्याचं?"

"कुणाचंच घेऊ नगंस. दोघांच्या मधलं घे."

"दोघांना पण टोचंल."

"टोचू दे."

"कडक ठेवू?"

"फळीवाणी ठेव. कंबरंत आई आठवली पायजे."

बडेसाब हसला. सहसा हसत न्हाय तो. म्हणला, "आणि मागं?"

"मागं माझं माप घे."

दुकानात फळीचा बाक व्हता, त्याच्यावर ती एका अंगाला पाय सोडून बसली. बडेसाबनं खडूनं खुणा केल्या. म्हणला, एका अंगानं बसतीस तर त्या अंगाला जरा उंच करतो, घसरणार नाय. पाठीमागं दांडी लावू का, धरायला? ती म्हणली, लाव. दोन्ही सीटांचा जेवढा मऊ फोम निघाला तेवढा समदा मागल्या बाजूला गेला. तिनं घोंगडं फुडं केलं, ह्ये बी आत घाल म्हणली.

बडेसाबनं लोकर चिमटीत धरून बघितली. "ह्याला कातर लावू? पाप लागंल मला."

"कातर लावू नगंस. घडी घाल. ज्येचं हाय त्येच्याच मागं बसायची मी."

बडेसाबनं सुया परत तोंडात धरल्या. घडी घातली, रेक्झिन वढलं, शिवलं. उरल्याला दुसरा पत्रा तिनं मागून घेतला. "ह्यो हितं ठेवला तर उद्या येक जण येईल," म्हणली. जाताना बडेसाब म्हणला, "मावशी, दोघं मिळून इथं येऊन मारतील मला."

"मिळून आली तर मार खा. तेवढ्यासाठी तरी मिळून येऊ देत."

वाडीवर तवर काय, बिरप्पा काठी घिऊन गुरप्पाच्या दारात, गुरप्पा खोरं घिऊन आत. "चोरा, माझी सीट काढ!" "तूच चोर, माझी खुट्टी रिकामी हाय!" दोघांनी बी एकमेकालाच चोर धरल्यालं. लोकं गोळा झाल्याली. तेवढ्यात बोळाच्या तोंडाला केराबाई. डोक्यावर लांबलचक काळी सीट, काखंत पत्रा.

"चोर मी हाय," म्हणली. "मारा कुणाला मारायचं ते."

काठी खाली झाली. खोरं खाली झालं. पण तोंडं न्हाय. बिरप्पा म्हणला, अव्वा, माझी सीट मऊ व्हती. गुरप्पा म्हणला, माझी सीट मोबाईलमधी बघून केल्ती. ज्ञानबाला बोलीवलं. ज्ञानबा मिशीला हात लावून म्हणला, केराबाई, सीट गाडीबरं ऱ्हाती, असा नेम हाय.

"तुझा नेम तूच मोडलायस. गाडी पाळीनं, सीट ज्येची त्येची, कोण म्हणलं?"

"मीच म्हणलो, पण..."

"मग ही सीट माझी. आत माझ्या मालकाचं घोंगडं हाय. गाडी एका घरात, मी दुसऱ्या घरात, सीट माझ्याबरं. सरळ हिशोब."

ज्ञानबानं तंबाखू मळाय घेतली. लई येळ मळली. खाल्लीच न्हाय. मग उठून गेला.

झालं बग. त्या म्हयन्यात गाडी बिरप्पाची, आन् सीट गुरप्पाच्या घरात, केराबाईच्या उशाला. दुसरा पत्रा तिच्या पेटीत, कुलपात. बिरप्पानं पोतं टाकून गाडी हाणून बघितली. पोत्यावर पोतं टाकलं. डेरीवर उतारला तो वाकूनच. दुसऱ्या दुकानात सीट इचारली, तर म्हणले पत्रा आण. पत्रा कुटला? आईच्या पेटीत. कुलूप तोडू का म्हणून बायकूला म्हणला, तर ती म्हणली, सासूबाईंच्या पेटीला हात लावलात तर मी माहेरी जाईन, त्येंनी परवा बोळात काय केलं ते बघितलंय मी.

मग एका आयतवारी सकाळी बिरप्पा धाकट्याच्या उंबऱ्याशी आला. वाटणीपास्नं त्या दारात पाय ठेवला नव्हता. आत गुरप्पा चा पीत बसल्याला, त्येनं बशी खाली ठेवली आन् भिंतीकडं तोंड केलं. बिरप्पानं दुसऱ्या भिंतीकडं केलं.

केराबाई म्हणली, "काय पायजे?"

"सीट."

"कुणाची?"

"...तुझी."

"उचल मग. आन् मी बी तिच्याबरं येतीया. येकटी सीट सुटी मिळत न्हाय."

भिंतीकडं तोंड करूनच गुरप्पा म्हणला, "कॅन काढून ठेव म्हणावं, न्हाय तर परत नासतंय."

बिरप्पा म्हणला, "त्येला सांग, फुडल्या म्हयन्यात तो बी येईल माझ्या दारात."

एकमेकासंगं न्हाय बोलले. आईच्या अंगावरनं बोलले. हाय तेवढंच. त्येच्यावर काय गोड व्हईल असं समजू नगंस. दोघं आजपत्तोर एकमेकाला पाण्यात बघत्यात. पण आईला अक्कलकोटाला न्हेलं तरच आठवडाभर सीट मिळती, म्हणून दर आयतवारी एकाला दुसऱ्याच्या दारात जाऊन मागं हात बांधून हुबं ऱ्हावं लागतंय, आन् केराबाईला जवर लुगडं नेसायला येळ लागतोय तवर हुबंच ऱ्हावं लागतंय. आन् ती मुद्दाम येळ लावती.

त्या आयतवारी ती अक्कलकोटाला गेली. निम्म्या वाटंत बिरप्पा म्हणाय लागला, अव्वा, फुडं लई कडक हाय. ती मागं दांडीला टेकून बसल्याली, एका अंगाला पाय सोडून. म्हणली, "रस्त्याकडं बग."

शरणम्मानं दार उघडलं. बघितलं, आन् म्हणली, "जावळ झालं. आता काय केसं येचाय आलीस?"

"बसाय आले."

"बसाय कुणी बोलीवलंय?"

"तुला इचारून कवा बसले व्हते?" म्हणून ती आत गेली आन् चुलीपशी बसली. शरणम्मा दिसभर पाठ करून भाकरी थापत ऱ्हायली. पण ताटल्या दोन वाढल्या, आन् दुसरी पायानं हिच्याकडं सारली. पोराचं बोडकं डोस्कं केराबाईला बघाय सुदिक दिलं न्हाय त्या दिशी. फुडल्या आयतवारी दिलं. त्येच्या फुडल्या आयतवारी, पाळी बदलल्यावर, दोघी कानडीत इतक्या भांडल्या, की बाहेर गाडीपशी हुबा गुरप्पा गल्लीतनं लांब जाऊन बसला.

आता परवा केराबाईला कळलं, की बिरप्पा येकटा बडेसाबच्या दुकानात गेल्ता, दोन दिसानं गुरप्पा बी येकटाच गेल्ता. दोघं येगयेगळे, एकमेकाला न सांगता, आन् दोघांचं गाऱ्हाणं येकच. म्हणून हे लिहून घेतलं. केराबाईला लिहिता येत न्हाय, मला बी येत न्हाय, म्हणून तुझ्या हातनं. आता खाली मोठ्या अक्षरात लिही:

ज्येच्या हातात ह्यो कागद पडंल, त्येनं अक्कलकोट नाक्याकडनं गेला तर वाईच थांबावं आन् मेंदीच्या दाढीवाल्या बडेसाबला येवढा निरोप द्यावा. मागली शिवण एका कडंला उसवलीया, ती केराबाई आली की शिवून ठेवा. आन् फुडची बाजू मऊ करू नका म्हणावं. पोरं पाया पडली तरी करू नका.